तळहाताएवढा उजेड

काच मोठी होती, अखंड होती आणि सरळ पश्चिमेला तोंड करून बसली होती. राजारामपुरीतल्या त्या इमारतीच्या चौथ्या मजल्यावर, त्रिशलाकाकूंच्या स्वयंपाकघरात, ओट्यापासून जवळजवळ छतापर्यंत. बांधणाऱ्याने ती उघडायची सोयच ठेवली नव्हती. हवेसाठी वर एक झरोका, बस्स. हिवाळ्यात तिच्यातून जोतिबाचा डोंगर दिसतो म्हणून पाहुण्यांना हात धरून दाखवायची काच. एप्रिल लागला की मात्र दुपार कलल्यावर तिच्यापुढे उभं राहणं म्हणजे गुऱ्हाळाच्या चुलवाणापुढे उभं राहणं.

तेजस्वीने काचेवर शाम्पूचं पाणी फवारलं आणि मागे न बघता विचारलं, "दादा, पंखा बंद केलास न्हवं?"

"केलाय. आता श्वासबी बंद करू काय?" सम्राट म्हणाला.

"कर जमलं तर. धूळ बसती."

सम्राट तिचा थोरला भाऊ. मोटारींच्या काचांना काळी फिल्म लावण्यात त्याचा हात धरणारा कोल्हापुरात कोणी नव्हता, असं तो स्वतः सांगत असे, आणि ते फारसं खोटं नव्हतं. गाड्यांच्या काळ्या काचांवर पोलिसांचा डोळा बसला तसा तो घरांच्या खिडक्यांकडे वळला. फिल्मच्या पाठीवरचं पातळ अस्तर त्याने एका झटक्यात सोललं, ओल्या काचेवर फिल्म हलकेच टेकवली, जागेवर सरकवली आणि रबरी पट्टीने मधून कडेकडे पाणी काढायला लागला. पट्टीचा आवाज एकसारखा येत होता. बुडबुडा एक नाही.

"बघ," तो मागे सरून म्हणाला. "एक जरी बुडबुडा सापडला तर मिशी काढतो."

"मिशी हाय कुठं?"

दारात उभ्या असलेल्या त्रिशलाकाकू पदर तोंडाला लावून हसल्या.

फिल्म लावणं सम्राटचं, पण निवडणं तेजस्वीचं. आजवर गिऱ्हाईक म्हणेल ती लागायची, आणि गिऱ्हाईक म्हणायचं, काळीकुट्ट टाका. तेजस्वी पदार्थविज्ञानात एम. एस्सी. करून भावाच्या धंद्यात आली तेव्हा गडमुडशिंगीतल्या घरात चार दिवस कोणी नीट जेवलं नाही. शालूआत्या तर येईल त्याला सांगायची, "पोरगीनं एवढं विज्ञान शिकून काचा पुसायचं काम धरलंय बघा." राजारामपुरीतल्याच एका क्लासने शिकवायला बोलावलं होतं, ती जागा अजून रिकामी होती, आणि आत्या त्याची रोज आठवण करून देत होती. म्हणून तेजस्वीने भावाला बजावलं होतं, पुढच्या कामात फिल्म कुठली ते मी ठरवणार. मोजून ठरवणार.

आणि तिने मोजलं होतं. सगळे नमुने काचेला टेकवून, उन्हाचं मीटर मागे धरून. जिने सगळ्यांत जास्त ऊन परत फिरवलं ती तिने निवडली: आतून धुरकट काळी, बाहेरून आरशासारखी रुपेरी. आता ऊन ऐन भरात होतं, आणि तरीही ओट्यापाशी नुसतं कोमट वाटत होतं. तिने मीटर धरलं, आकडा बघितला, खात्रीसाठी पुन्हा बघितला. 

"काकू, इथं या. हात धरा."

त्रिशलाकाकूंनी हात काचेजवळ नेला. "अगं बाई. ऊन कुठं गेलं?"

"आल्या वाटेनं परत धाडलं."

काकूंचा मुलगा अरिहंत त्या इमारतीच्या सोसायटीचा सेक्रेटरी. त्याने खाली जाऊन बाहेरून काच बघितली आणि वर येऊन सांगितलं, की पश्चिमेच्या बाजूची सगळीच घरं विचारतायत; महिनाभर ही काच कशी वागते ते बघू आणि मीटिंगमध्ये ठरवू. त्या संध्याकाळी गडमुडशिंगीला जाताना सम्राटने गाडी चालवत ओरडून विचारलं, "काय सायंटिस, खूश?" वाऱ्यात तिला नीट ऐकू आलं नाही, पण ती हसत होती.

पुढचे काही दिवस रखरखीत ऊन पडलं आणि अरिहंतचे निरोप येत राहिले. आई म्हणते गार आहे. आईने तुम्हाला आशीर्वाद सांगितलेत. तेजस्वी ते निरोप आत्याला मोठ्याने वाचून दाखवायची.

मग वळवाचं आभाळ यायला लागलं. दिवसभर तापायचं, आणि संध्याकाळी पन्हाळ्याकडून काळे ढग चढून यायचे. कधी चार थेंब, कधी नुसताच गडगडाट. तेजस्वीच्या मनात आलं, आपण मोजलं ते सगळं उन्हात. आभाळ असताना ही काच काय करते? चांगलंच करत असणार. पण मोजलेलं बरं. मीटिंगमध्ये दाखवायला तोही आकडा हवा. उजेड मोजायचं छोटं मीटर पिशवीत टाकून एका संध्याकाळी ती एकटीच राजारामपुरीत आली.

दार त्रिशलाकाकूंनीच उघडलं. "ये बाळ. अरिहंत दुकानातनं यायचाय अजून."

"तुमच्याकडंच आलेय काकू. काच बघायला."

"काच झकास आहे. चहा ठेवू?"

स्वयंपाकघरात पाऊल टाकलं आणि तेजस्वी थबकली. दिवस मावळायला अवकाश होता, पण आत दिवेलागण झाल्यासारखं वाटत होतं. दिवा मात्र लावलेला नव्हता. काचेजवळच्या छोट्या टेबलावर ताट वाढलेलं होतं: भाकरी, मुगाची आमटी, दोडक्याची भाजी. आणि त्यावर दुसरं ताट उपडं घातलेलं.

"जेवताय होय? जेवा की. मी बसते."

"जेवते सावकाश," काकू म्हणाल्या. पण बसल्या नाहीत. त्या काचेजवळ गेल्या, उजवा हात डोळ्यांसमोर धरला, थोडा लांब नेला, थोडा जवळ आणला. मग हात खाली सोडला आणि झाकलेलं ताट उचलून ओट्यावर ठेवलं. कोणी ऊन लागतंय म्हणून खुर्ची सरकवावी इतक्या सहज.

तेजस्वीला बघून गप्प बसणं जमत नसे. "हाताला काय झालं काकू?"

"काही नाही गं."

"मग बघितलं काय?"

काकू जरा घुटमळल्या. "रेषा. आमच्या घरची रीत आहे, सासूबाईंपासनंची. दिवस मावळायच्या दोन घटका, म्हणजे पाऊणएक तास आधी जेवण उरकायचं, हे तर आम्हा जैनांत बहुतेक सगळेच बघतात. पण आमच्या सासूबाई म्हणायच्या, घड्याळ फसवील. सूर्याच्या उजेडात आपल्याच तळहाताच्या रेषा दिसल्या तर जेवायचं. रेषा दिसत नाहीत त्या उजेडात ताटातला जीव तरी कुठनं दिसणार?"

"मग दिवा लावायचा की!" तेजस्वी म्हणाली.

"दिव्याचा उजेड म्हणजे रात्रच की बाळ," काकू हसून म्हणाल्या.

तेजस्वीच्या घरी आठ वाजता बल्बखाली पंगत बसायची. दिवा लागणं म्हणजेच जेवणाची वेळ. उजेड कुठून येतो हे ती आयुष्यभर शिकली होती. पण सूर्याचा उजेड आणि बल्बचा उजेड यांत ताटाच्या दृष्टीने फरक असतो, हे तिच्या कुठल्याच मोजणीत आलेलं नव्हतं.

"म्हणजे आज जेवण नाही?"

"नाही तर नाही. उपवास घडला."

"आणि काल? कालबी आभाळ होतं."

काकू ओटा पुसायला लागल्या. ओट्याच्या कडेला औषधांची पट्टी पडलेली होती; संध्याकाळच्या गोळ्या तशाच होत्या.

"ही जेवणानंतरची गोळी न्हवं? साखरेची?"

"जेवण नाही तर गोळी कशी घेणार?"

"अरिहंतदादांना ठाऊक आहे?"

"त्याला कशाला? विचारतो, जेवलीस का. मी म्हणते, झालं माझं." मग आवाज खाली आणत त्या म्हणाल्या, "त्याला कळलं तर तो तुला बोलणार. एवढी हौसेने लावलीस तू. उन्हाच्या दिवशी खरंच गार असतं गं. आभाळ काय, जाईल चार दिवसांनी."

चार दिवसांनी कशाला जाईल, तेजस्वीच्या मनात आलं. वळीव संपला की पुढे चार महिने आभाळच.

तिला आधी शरम वाटायला हवी होती. पण तिला सुचला तो प्रश्न. किती उजेडात रेषा दिसतात? तिने मीटर काढलं. "काकू, जरा जिन्यात येता?"

जिन्याच्या खिडकीला साधी काच होती. तिथे काकूंनी तळहात धरला. "हं, दिसतात." तेजस्वीने मीटर तळहाताशेजारी धरलं. मग काकूंना एकेक पाऊल मागे घेतलं, भिंतीच्या अंधाराकडे. "आता?" "दिसतात." "आता?" "ही मोठी दिसते, बारक्या नाही." "आता?" "गेल्या."

"थांबा, तिथंच थांबा."

"माझं भविष्य बघतेस की काय?"

"उजेडाचं बघतेय."

"मग जिन्यातच पाट मांड म्हणजे झालं," काकू म्हणाल्या आणि दोघीही हसल्या. शेजारच्या दारातून कोणीतरी डोकावून बघितलं.

रेषा जिथे पुसल्या गेल्या तो आकडा तेजस्वीने मनात धरला. स्वतःचा तळहातही तिथे धरून बघितला. तिला अजून सगळं स्वच्छ दिसत होतं. म्हणजे तिच्या डोळ्यांना पुरे असलेला उजेड काकूंच्या डोळ्यांना पुरत नव्हता. तिच्या मोजणीत डोळे होते ते तिचेच.

पुन्हा स्वयंपाकघरात येऊन तिने टेबलावर मीटर ठेवलं. आकडा पार खाली होता. ही फिल्म उजेडाचा जेमतेम सातवा हिस्सा आत सोडते, हे तिला पाठच होतं. तिने मनात सातने गुणलं. काचेवर फिल्म नसती तर रेषा दिसल्या असत्या. आत्ता. या आभाळातसुद्धा.

तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. "काकू, दोन घटका आधी म्हणजे अजून वेळ आहे न्हवं?"

"थोडा आहे. का?"

तेजस्वीने पिशवीतून फिल्म कापायचं पातं काढलं होतं.

"अगं! अगं नको! एवढी सुंदर लावलेली…"

सुंदर होतीच. खालच्या कोपऱ्यात पातं घालताना तेजस्वीला सम्राटच्या रबरी पट्टीचा तो एकसारखा आवाज आठवला. कोल्हापुरातली तिच्या निवडीची पहिली काच. सोसायटी बघत होती, आत्या बघत होती, शिकवणीची जागा रिकामी होती. तिने कोपरा नखाने उचलला, दोन्ही मुठींत धरला आणि ओढला.

फर्रर्र करून फिल्म निघाली. अर्ध्यावर फाटली, तिने दुसरं टोक धरलं, ओट्यावर चढली आणि वरून खाली ओढत आणली. पट्ट्यापट्ट्यांनी काच मोकळी होत गेली आणि एकेक पट्टीएवढा उजेड आत येत गेला: टेबलावर, ओट्यावर, काकूंच्या पांढऱ्या केसांवर. करडा, ढगांतून गाळलेला, पण सूर्याचा. काचेवर डिंकाचे ओघळ राहिले. ते राहू देत.

आणि नेमका त्याच वेळी अरिहंत आत आला.

आई टेबलाशी उभी, फिल्मवाली मुलगी ओट्यावर चढलेली, तिच्या पायांत रुपेरी चिंध्यांचा ढीग. त्याच्या हातातली पिशवी खाली आली. "अहो, हे काय चालवलंय?"

"माझी फिल्म चुकली. काढली," तेजस्वी वरूनच म्हणाली.

"चुकली? आई तर रोज म्हणते…"

"अरिहंत," काकू म्हणाल्या, "गप्प बस. मला हात बघू दे."

त्यांनी तळहात काचेसमोर धरला. अरिहंतला काही कळेना. तेजस्वीने श्वास रोखला, सम्राट विनोदाने म्हणाला होता तसा. काकूंनी हात थोडा जवळ आणला.

"दिसतात," त्या म्हणाल्या. "बारक्यासुद्धा."

त्यांनी ओट्यावरचं ताट टेबलावर आणलं, वरचं ताट काढलं, बसल्या आणि भाकरी मोडली.  त्या सावकाश जेवल्या, रीतीप्रमाणे ताट धुऊन ते पाणी प्यायल्या, गोळी घेतली, आणि मग मुलाला सगळं सांगितलं. अरिहंत आधी आईवर चिडला, मग स्वतःवर. तेजस्वीवर चिडायची वेळ आली तेव्हा त्याच्याजवळ राग उरला नव्हता.

"सोसायटीला काय सांगू आता?" त्याने एवढंच विचारलं.

"सांगा, पहिली चुकली म्हणून आम्हीच काढली. दुसरी लावली की बघायला बोलवा."

सम्राट मात्र सकाळपर्यंत धुमसत होता. "आपण लावलेली आपणच फाडलीस? कोल्हापुरात तोंड दाखवायला जागा ठेवलीस काय? गिऱ्हाइकाची तक्रार न्हाय, काय न्हाय!"

"तक्रार न्हवती, कारण बाई उपाशी राहून गप्प बसली हुती."

सम्राटने डोकं खाजवलं. मग म्हणाला, "आता काय लावणार? उजेड पायजे तर ऊन येणार. ऊन नको तर अंधार. दोन्ही एकदम कसं व्हईल?"

"व्हतंय की. उन्हातली जवळजवळ निम्मी ताकद डोळ्यांना दिसतच न्हाय दादा. ती अडवायची आन् दिसणारा उजेड सोडायचा. तशी फिल्म असती. पांढरी, काचेसारखी आरपार."

"पांढरी?" सम्राट ओरडला. "लावल्यासारखी दिसायची पण न्हाय! लोक म्हणतील पाणी मारून गेले."

"म्हणू देत."

ती फिल्म पुण्याहून मागवावी लागली. ती येईपर्यंत काकूंची काच बिनफिल्मची होती; उन्हाच्या दिवशी त्या घामाघूम होऊन जेवायच्या, पण जेवायच्या. फिल्म आल्यावर तेजस्वीने या वेळी काचेला हात लावण्याआधी नमुना काकूंच्या हातात दिला. "आधी तुम्ही बघा. मग मी."

काकूंनी नमुना ढगाळ खिडकीसमोर धरला आणि त्याच्यामागे तळहात. मग मान हलवली. मग तेजस्वीने मीटर धरलं. आकडा जिन्यातल्या आकड्याच्या चांगला वर होता.

सम्राटने फिल्म लावली. तोंडाने कुरकुरत, पण हाताने नेहमीसारखीच. शेवटचं पाणी कडेला गेलं आणि काच अशी दिसायला लागली की जणू तिला काहीच केलेलं नाही. "झालं," तो म्हणाला. "काय केलं ते इचारू नका कुणी."

पुढच्या उघडिपीच्या दुपारी अरिहंतने पश्चिमेच्या घरांतल्या लोकांना बोलावलं. स्वयंपाकघर भरून गेलं. ऊन काचेवर रोखून आलं होतं आणि खोली लख्ख उजळली होती. एका निवृत्त इंजिनियरांनी काचेवर बोट फिरवलं, वाकून बघितलं आणि मोठ्याने म्हणाले, "फिल्म आहे कुठे?"

'बोललो न्हवतो?' अशा नजरेने सम्राटने बहिणीकडे बघितलं.

तेजस्वी पिशवीतून दिवा काढायला वाकली होती. सांधेदुखी शेकायला वापरतात तसला लाल दिवा. तो फिल्मच्या नमुन्यामागे धरून दाखवायचा बेत होता. पण त्याआधीच त्रिशलाकाकू पुढे झाल्या. त्यांनी इंजिनियरांचा हात धरून थेट काचेजवळ नेला.

"तळहात वर करा. रेषा दिसतात?"

"दिसतात की. पण त्याचा…"

"आता सांगा, पोळतंय?"

ते गृहस्थ थांबले. हात पालथा केला, पुन्हा उताणा केला. "नाही," ते नवलाने म्हणाले. "ऊन तर दिसतंय. पण लागत नाही फारसं."

"तीच फिल्म," काकू म्हणाल्या. "दिसत नाही, ही तिची करामत. ही तेजस्वी. हिने माझ्या तळहातावरून ती निवडली. आधीची हिचीच होती, चांगली बुडबुडा नसलेली. माझं ताट झाकलेलं दिसलं तशी उभ्या उभ्या फाडून टाकली. मुंबई-पुण्याची माणसं हजार वस्तू विकतील. स्वतःची चूक पात्याने सोलून काढणारं माणूस मी आपल्या कोल्हापुरात बघितलं."

मग एकेकजण पुढे येऊन काचेला हात दाखवायला लागले. लहानथोर सगळे, दर्शनाच्या रांगेत उभे असल्यासारखे. तेजस्वीने दिवा पिशवीतच राहू दिला. ती मीटरच्या आकड्याकडे बघत राहिली, पण आकडा काही तिला वाचता येईना.

लोक गेल्यावर काकूंनी तिघांना बसवलं. "उजेड आहे तोवर जेवून घ्या. आज माझ्या वेळेला."

सम्राटने भाकरीला हात घालण्याआधी, कोणी सांगितलं नसताना, आपला तळहात काचेसमोर धरून बघितला. रबरी पट्टीने घट्टे पडलेला रुंद हात. "दिसतात," तो म्हणाला. मग बहिणीकडे वळला. "शालूआत्याला पुढच्या वक्ताला सांगतो, आमची सायंटिस काचा पुसत न्हाय. बायकांचं हात बघती."

"गप जेव."

"व्हय, व्हय. जेवतो की."

पश्चिमेला ऊन जोतिबाच्या डोंगराकडे उतरत होतं. काचेतून ते सगळं आत येत होतं, ताटात, आमटीत, चौघांच्या हातांवर; आणि जे यायला नको ते बाहेरच थांबलं होतं.